मदत हवी आहे: रोमन मालवाहू जहाजांचा वेग नेमका किती धरावा?

मंडळी, दिवाळी अंकासाठी रोमच्या धान्यव्यापारावर लेख लिहितोय आणि वेगाच्या आकड्यापाशी गाडी अडली आहे.

पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी विक्रमी प्रवासांची नोंद देतो. सिसिलीच्या सामुद्रधुनीपासून इजिप्तचं बंदर अलेक्झांड्रिया, जिथून रोमला धान्य यायचं, एका अधिकाऱ्याने सातव्या दिवशी गाठलं, दुसऱ्याने सहाव्या. अंतर साधारण ८३० सागरी मैल. पूर्ण सहा दिवस धरले तर वेग पावणेसहा नॉट (ताशी सागरी मैल) येतो. पण रोमन लोक मोजताना पहिला दिवसही धरायचे, मग 'सहाव्या दिवशी' म्हणजे पाचच दिवस झाले की! वेग थेट सातच्या आसपास जातो. धान्याने गच्च भरलेल्या जहाजाला हे झेपेल असं मला तरी वाटत नाही. अर्थात जाताना जहाजं बरीच हलकी असायची, धान्य येताना भरलेलं असे.

खरी गोची परतीची आहे. उन्हाळ्यात तिथे वारा वायव्येकडून, म्हणजे नेमका तोंडावर. त्यामुळे जहाजं सायप्रस, क्रीट असा वळसा घालत, महिना-दोन महिने लागत.

तर, शिडाच्या बोटीचा अनुभव असलेल्यांनी सांगावं: मोठं चौकोनी शीड वाऱ्याच्या किती जवळ नेता येतं? नागमोडी जाताना अंतर दुप्पट धरू की त्याहून जास्त? आणि सहाव्या दिवसाची मोजणी तुम्ही कशी केली असती? लेखासोबतचा नकाशा पुढच्या आठवड्यात द्यायचाय, जरा लवकर सांगा.