प्रोफेशनल कम्युनिकेशन, 'स्पेशल टॉपिक्स' पेपर : विषय कोणता घ्यावा?

ऐरोली_सेक्टर८
नमस्कार मंडळी. कॉलेज ठाण्यात, तिसरं वर्ष. ऐच्छिक पेपरला तीन पर्याय आहेत: तांत्रिक लेखन, आपत्कालीन संवाद, प्रस्तावलेखन. लेखी परीक्षा नाही, प्रकल्प आणि सादरीकरण आहे. हाताशी बारा आठवडे. पुढे महापे-ऐरोलीकडे नोकरी बघणार आहे. काय घेऊ, आणि प्रकल्प कशावर करू?

खाडीपलीकडचा
तांत्रिक लेखन. लिहिलेलं चालतं की नाही हे वाचणाऱ्याला समोर बसवून त्याच दिवशी कळतं. प्रस्ताव मंजूर होतो का, हे बारा आठवड्यांत कळत नाही. मग मार्क नुसत्या भाषेवर पडतात.

प्रकल्पासाठी टीटीसीतल्या (ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औद्योगिक वसाहत) कंपनीच्या मागे लागू नका. आतली कागदपत्रं बाहेर नेऊ देत नाहीत आणि परवानगीत अर्धं सत्र जातं. सोसायटीचा पंप घ्या. तळटाकीतून गच्चीच्या टाकीत पाणी चढवणारा साधा सेंट्रिफ्युगल पंप, आणि वाचक कोण, तर नवा वॉचमन.

क्रम साधारण असा: तळटाकीची पातळी बघणे, सक्शनचा (पाणी आत ओढणाऱ्या बाजूचा) व्हॉल्व्ह पूर्ण उघडणे, प्रायमिंग (पंपात आधीच पाणी भरलेलं आहे ना) तपासणे, डिलिव्हरीचा (पाणी वर ढकलणाऱ्या बाजूचा) व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवून स्टार्टर दाबणे, मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडणे. सबमर्सिबल (पाण्यात बुडवलेला पंप) असेल तर प्रायमिंगचा प्रश्नच नाही, म्हणून आधी प्लंबरकडून तुमच्या पंपाचा क्रम पक्का करून घ्या. प्रायमिंग नसेल तर पंप कोरडा फिरून सील जळतं. डिलिव्हरी पूर्ण उघडी असेल तर मोटर सुरुवातीलाच जास्त करंट ओढते. ही कारणं पायरीच्या वाक्यात कोंबू नका, शेजारच्या रकान्यात द्या. इशारा मात्र पायरीच्या आधी. स्टार्टर दाबून झाल्यावर "त्यापूर्वी व्हॉल्व्ह तपासा" वाचण्यात काय अर्थ?

वाक्याच्या लांबीसाठी एएसडी-एसटीई१०० बघा. विमानदुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी बनलेली मर्यादित इंग्रजी: सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त 20 शब्दांचं, वर्णनाचं 25, आणि एका वाक्यात शक्यतो एकच कृती. मराठीत 20 सुद्धा जास्त होतात, कारण क्रियापद शेवटी येतं. "उघडा" की "उघडू नका" हे कळेपर्यंत माणसाचा हात व्हॉल्व्हवर पोहोचलेला असतो. दहा-बारा शब्दांत संपवा.

वागळे_नाका
वरच्या सल्ल्याशी अर्धाच सहमत. नोकरी सॉफ्टवेअरमध्ये बघायची असेल तर ठीक. पण ठाणे-बेलापूर मार्ग आणि तळोजा इथल्या रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहून आपत्कालीन संवाद सोडायचा, हे पटत नाही. घातक रसायनांच्या 1989 च्या नियमांनुसार, मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्याने आसपासच्या लोकांना आधीच माहिती द्यायची असते. त्या माहितीपत्रकाचा मसुदा हाच प्रकल्प.

शीतगृहातली अमोनिया गळती असं काल्पनिक प्रकरण घ्या. पहिल्या संदेशात चारच गोष्टी: काय झालं, कुठल्या भागातल्या लोकांनी हालचाल करायची, नेमकं काय करायचं (दारं-खिडक्या आणि एसी बंद, बाहेर असाल तर वाऱ्याला आडवं चालत लांब जा, नाकाला ओला कपडा), आणि पुढची माहिती किती वाजता. विद्यार्थी पहिलं वाक्य हमखास "परिस्थिती नियंत्रणात आहे" असं लिहितात. वाचणाऱ्याला त्यातून खिडकी लावायची की नाही एवढंही कळत नाही.

सिद्धांताची चौकट लागेल. संकटकाळातल्या संवादाचे अभ्यासक कूम्ब्स यांची संकटांची वर्गवारी वापरा: संस्था स्वतःच बळी, अपघात, आणि टाळता येण्याजोगी चूक. तिसऱ्या प्रकारात नुसतं स्पष्टीकरण देत बसलात की लोक जास्त चिडतात.

खाडीपलीकडचा
प्रकरण चांगलं आहे, पण खऱ्या कारखान्याचं नाव घालू नका. आणि प्रत्येक पानावर ठळक "सरावासाठी" लिहा. असा संदेश सोसायटीच्या ग्रुपवर सुटला तर निस्तरणं कठीण.

ऐरोली_सेक्टर८
पंपच घेतो. मराठीत लिहू की इंग्रजीत? आणि चाचणी किती जणांवर?

खाडीपलीकडचा
दोन्हीत, पण भाषांतर नको, वेगवेगळं लिहा. मुलाखतीत इंग्रजी बघतील, वॉचमन मराठी-हिंदी वाचेल.

माणसं पाच पुरतात, फक्त पंप आधी न चालवलेली हवीत. प्लंबरला शेजारी उभा ठेवा. चुकीच्या व्हॉल्व्हला हात गेला तर तो थांबवेल, तुम्ही मात्र तोंड उघडायचं नाही. कुठे थांबले, कुठली ओळ परत वाचली, काय विचारलं, एवढं टिपा. "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. दोघं एकाच पायरीला अडले तर ती पायरी बदला आणि नव्या माणसांवर परत बघा.

वागळे_नाका
जमा करताना पहिला मसुदा फेकू नका. पहिला, शेवटचा आणि मधल्या टिपणांचा कागद, तिन्ही एकत्र लावा. शेवटचा कागद एकाच पानाचा, अक्षर किमान 14 पॉइंट, लॅमिनेट करून. पंपखोलीत ओल असते, साधा कागद पावसाळाभर टिकत नाही.