विषय: बुधवारपासून रेस्टॉरंट उघडणार – दिवाळीचं जेवण करायचं का?

सोमवार, २६ ऑक्टोबर २०२०, रात्री

नमस्कार मंडळी,

काल दसऱ्याला आपल्या व्हिक्टोरिया राज्याचे प्रीमियर (मुख्यमंत्री) अँड्र्यूज म्हणाले, उत्तरेकडच्या उपनगरांतल्या टेस्टचे निकाल येऊ देत, लॉकडाऊन उठवायला जरा थांबा. आज कोरोनाचे नवे रुग्ण शून्य, आणि बुधवारपासून मेलबर्नमधली दुकानं, कॅफे, रेस्टॉरंट उघडायला परवानगी! आपट्याची पानं तशीच राहिली, निदान दिवाळी तरी साजरी करू. १४ नोव्हेंबरला शनिवार आहे. बापूंच्या डँडेनाँगच्या रेस्टॉरंटमध्ये पाळीपाळीने जेवण ठेवलं तर मंडळाचा कार्यक्रमही होईल आणि बापूंना हातभारही लागेल. मतं कळवा.

– कार्यवाह

मंगळवार, २७ ऑक्टोबर

कार्यवाह, तुमच्या तोंडात साखर पडो, पण जेवण नको.

नियम नीट वाचा. आत जास्तीत जास्त २० जण, त्यातही एका दालनात १०. माझं दालन एकच. म्हणजे जिथे शनिवारी साठ पानं उठायची तिथे आता दहा. त्या दहांसाठी तंदूर पेटवायचा, एक आचारी, एक मदतनीस, एक वाढणारा, आणि दर पाळीनंतर टेबलं-खुर्च्या पुसायच्या. बाहेर ५० बसवा म्हणतात. माझ्या फुटपाथवर चार टेबलं मांडली तर पाचवं थेट बसस्टॉपवर जाईल, आणि पाऊस मेलबर्नचा.

भाड्याबद्दल लोक मला विचारतात, 'सूट मिळाली ना?' मिळाली. अर्धी माफी, अर्धं पुढे ढकललेलं. ढकललेलं भाडं म्हणजे उधारीच, ती फेडायचीच आहे. जॉबकीपर, म्हणजे कामगारांच्या पगारासाठीचं सरकारी अनुदान, माणशी पंधरवड्याला १,५०० डॉलर होतं, सप्टेंबरअखेर १,२०० वर आलं. आणि माझा आचारी तात्पुरत्या व्हिसावर, त्याला तेही नाही. त्याचा पगार मी टेकअवेवर काढला, आणि त्यातले तीस टक्क्यांच्या आसपास डिलिव्हरीवाले नेतात.

मदतच करायची तर फराळाची ऑर्डर द्या, थेट फोनवर. चकली, शेव, चिवडा, करंजी. ॲपवरून मागवलंत तर नमस्कार आणि आभार, पण माझ्या हातात फारसं काही येत नाही.

– बापू

मंगळवार, रात्री

बापू बरोबर बोलले, पण माझं कारण वेगळं आहे.

मी एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या निवासात, काम करते हे बहुतेकांना माहीत आहे. दुसऱ्या लाटेत राज्यात आठशेच्या आसपास माणसं गेली, त्यातली बहुतेक आमच्यासारख्या ठिकाणची. जुलै-ऑगस्टमध्ये गाऊन, मास्क, शील्ड घालून आजींना भरवायचे, तेव्हा त्या मला ओळखत नव्हत्या, घाबरून तोंड फिरवायच्या. आत विषाणू आणला कुणी? आम्हीच. दोन-दोन ठिकाणी तासावर काम करणारे, घसा दुखतोय हे माहीत असूनही शिफ्ट बुडवणं न परवडणारे.

म्हणून १० की २० याच्यापेक्षा मला वाटतं की बापूंकडे काम करणाऱ्या पोराने 'आज बरं वाटत नाही' म्हटलं तर त्याचे पैसे कापले जाऊ नयेत. टेस्टचा निकाल येईपर्यंत घरी थांबणाऱ्याला सरकार ४५० डॉलर देतं, अर्ज करावा लागतो. किती जणांना ठाऊक आहे?

– माई

बुधवार, २८ ऑक्टोबर

सर्वांना नमस्कार. मी क्लेटनला शिकतो, संध्याकाळी भांडी घासायचं काम करायचो, मार्चपासून बंद आहे.

माई, ४५० डॉलरचं मला आत्ताच कळलं, धन्यवाद. पण आधी शिफ्ट हवी ना! एप्रिलमध्ये इथले पंतप्रधान आमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांना म्हणाले, पोट भरता येत नसेल त्यांनी मायदेशी जावं. तेव्हा भारताने विमानंच बंद केली होती, जायचं कशाने? आम्ही पाच जण एका घरात भात-आमटीवर राहिलो. मंडळाने पाठवलेल्या किराण्याचं विसरणार नाही. पण आता किराणा नको, काम द्या. दहाच पानं असली तरी भांडी असतातच. फराळ करणार असाल तर चकल्या पाडायला येतो, सोऱ्या फिरवता येतो.

– क्लेटनचा एक विद्यार्थी

बुधवार, रात्री

मंडळी,

जेवण रद्द. फराळ ठरला. बापू, क्लेटनच्या पोराला उद्याच फोन करा, रोजाने नको, तासाचा कायदेशीर दर द्या, मंडळ ऑर्डरचे निम्मे पैसे आगाऊ भरेल. (खजिनदारांनी डोळे वटारलेत, पण गणपतीचा हॉल यंदा घेतलाच नाही, ते पैसे पडून आहेत.)

अडचण पश्चिमेकडच्या वेरिबी आणि पॉइंट कुककरांची. घरापासून २५ किलोमीटरच्या पलीकडे न जाण्याची हद्द ८ नोव्हेंबरच्या रात्री उठेल असं सांगितलंय, तोवर तुम्हाला डँडेनाँगपर्यंत येता येणार नाही. म्हणून वाटप १२ आणि १३ तारखेला, संध्याकाळी ५ ते ८, दुकानाच्या मागच्या पार्किंगमध्ये. आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे वेळ कळवू. मास्क लावूनच या, गाडीतून उतरू नका, डिकी उघडी ठेवा. गप्पा मारायला थांबलात तर माई ओरडतील.

ऑर्डर ५ तारखेपर्यंत. माई म्हणतात तो अर्ज कसा भरायचा ते उद्या वेगळ्या मेलमध्ये पाठवतो, आपापल्या ओळखीच्या मुलांना पुढे धाडा.

– कार्यवाह

ता.क. बापू विचारतायत, भाजणी कुणाकडे घरची आहे का? दुकानातली त्यांना पसंत नाही.