वडिलांची बारा बोअरची बंदूक पाहुण्यांना थेट विकली तर चालतं काय?

कळंब्याचा_गणू
नमस्कार मंडळी. आमच्या घरात एक बारा बोअरची डबल बॅरल आहे, आजोबांनी घेतलेली, आता लायसन वडिलांच्या नावावर. वडील ७४ चे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बंदूक जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात पडलीय, दसऱ्याला काढायची, पुजायची, तेल लावून परत आत. मला हौस नाही, धाकट्या भावाला तर त्याहून नाही. भुदरगड तालुक्यात आमचे पाहुणे आहेत त्यांना पाहिजे, रानडुकरांनी त्यांचा भुईमूग पार उकरून टाकलाय. ते म्हणतायत लायसनला अर्ज टाकलाय, ते येईल तेव्हा येईल, रोख देतो आणि घेऊन जातो. वडील म्हणतात घरातलाच माणूस आहे, देऊन टाक. मला जरा धाकधूक वाटतीय म्हणून इथं विचारतोय. आणि खरं सांगू का, एवढी नोंद, एवढ्या फेऱ्या कशासाठी तेच कळत नाही, ज्याला गुन्हा करायचाय तो काय लायसन काढून येणार आहे व्हय?

निवृत्त_हवालदार
गणू, आधी एक काम कर, पाहुण्यांना फोन लावून सांग की लायसन हातात पडेपर्यंत बंदूक मिळणार नाही. बिनलायसन बंदूक घरात सापडली की शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी २ वर्षं तुरुंग, जास्तीत जास्त ५, आणि तिथं भुईमुगाची गोष्ट सांगून कोण ऐकत नाही.
थेट विकायला बंदी नाही हे मात्र लक्षात घे, लोकांना उगाच वाटतं की डीलरशिवाय होतच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ५ आहे, स्वतःच्या वापरातली बंदूक विकता येते, पण घेणाऱ्याकडं लायसन पाहिजे, आणि विकायच्या आधी कलेक्टरना नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, कुणाला विकतोय त्याच्या नाव-पत्त्यासकट, आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं. पोच घ्यायला विसरू नको, तोंडी सांगितलं त्याला काय अर्थ नाही. थांबायची तयारी नसेल तर लायसनवाल्या डीलरकडं द्या, पैसे कमी येतील पण झोप लागेल.

भुदरगडकर_शेतकरी
हवालदारसाहेब बरोबर हाय तुमचं पण ह्या गोष्टी लिहायला सोप्या. मी स्वतः पिकाच्या संरक्षणासाठी म्हणून अर्ज केलाय, सातबारा जोडला, नुकसानीचे पंचनामे जोडले, तरी फाईल ह्या टेबलावरनं त्या टेबलावर, मधी साहेब बदलला की परत पहिल्यापासनं. कायद्यातच लिहिलंय की पिकासाठी ठासणीच्या बंदुकीचं लायसन द्यावं, आणि ठासणीची पुरत नसंल तर साधी नळीची बंदूक पण देता येती, मग देत का न्हाईत? नोंदणीला आमचा विरोध नाही ओ, गावात कुणाकडं काय हाय हे पोलीस पाटलाला तोंडपाठ असतं, सरकारला माहीत असलं तर काय बिघडलं. पण रात्रभर मळ्यात डबडी वाजवत बसायचं आमी आणि अर्ज तपासायचा दुपारी जेवून आल्यावर, ह्याचा राग येतो.
आणि एक, लायसन मिळालं म्हणून दिसंल त्याला बार टाकता येत नाही. डुकराला सुद्धा वनखात्याची परवानगी लागती, गव्याचं तर नावच काढू नका, तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण. राधानगरीच्या अंगाला गवं उसात शिरत्यात, एका रात्रीत अर्धा एकर झोपवत्यात, तिथं बंदूक असून काय उपयोग.

डॅलसचा_करवीरकर
मी गेली बरीच वर्षं टेक्सासमध्ये आहे, इथली गंमत सांगतो. दुकानातनं बंदूक घेतली की फॉर्म ४४७३ भरायचा, तुमची पार्श्वभूमी तपासतात, १९९३ च्या ब्रेडी कायद्यानं हे आलं आणि १९९८ पासून ती तपासणी कॉम्प्युटरवर. पण तीच बंदूक मी माझ्या शेजाऱ्याला पार्किंगमध्ये उभं राहून विकली तर ना फॉर्म ना तपासणी, फक्त तो कायद्यानं बंदूक बाळगायला बाद ठरवलेला माणूस आहे हे मला माहीत नसलं पाहिजे. कॅलिफोर्नियात नाही चालत हे, तिथं खासगी विक्री पण डीलरमार्फत. आणि देशभराची नोंदवही तर १९८६ च्या कायद्यानं बंदच करून टाकलीय, नोंद झाली की उद्या सरकार दारात येऊन बंदूक काढून नेईल अशी इथं बऱ्याच लोकांची पक्की समजूत. त्यामुळं गुन्ह्यात बंदूक सापडली की आधी कंपनीला विचारायचं, मग ठोक विक्रेत्याला, मग दुकानदाराच्या कागदात पहिलं गिऱ्हाईक शोधायचं, आणि त्या गिऱ्हाइकानं पुढं विकली असेल तर तिथं माग संपला. गणूभाऊ, तुम्ही जी पद्धत करायला निघालाय ती इथं सर्रास चालते, त्याचे परिणाम पण मी बघतोय.

तांबडा_पांढरा
करवीरकर, ते सगळं खरं पण आपल्याकडं नोंदवही असून गावठी कट्टे सापडायचे थांबलेत काय? पेपर उघडला की कंबरेला कट्टा लावून फिरणारा कोणतरी पकडलेला असतोच. लायसनवाल्या म्हाताऱ्यांना निवडणूक आली की ठाण्यात बंदूक जमा करायला बोलावतात, २०२४ ला लोकसभा झाली, विधानसभा झाली, आमच्या काकांना दोन्ही वेळा नोटीस. हायकोर्टानं सांगितलंय की सरसकट नको, माणूस बघून ठरवा, तरी नोटिसा आपल्या गठ्ठ्यानं निघतात. कट्टेवाल्याला कुठली नोटीस?

निवृत्त_हवालदार
कट्टा सापडला की आमचा पहिला प्रश्न हाच असायचा, आणला कुठनं, आणि तिथंच तपास अडायचा कारण त्याच्यावर ना नंबर ना मालक. चोरीला गेलेली लायसनची बंदूक सापडली तर नंबरावरनं दुपारपर्यंत घर सापडायचं. त्यामुळं कट्टे आहेत म्हणून नोंद सोडा हे मला काय पटत नाही भावा. बुलेट मोटरसायकल विकताना नाव बदलायचा टीटी फॉर्म भरतोस का नाही? न भरता दिलीस आणि त्यानं कुणाला उडवलं तर पोलीस आधी कुणाच्या दारात येणार?

रेंजवरची_पोर
कोल्हापूरची चर्चा चाललीय आणि नेमबाजीचं कोण बोलेना म्हणून लिहिते. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि पॅरिस ऑलिंपिकमधनं ब्राँझ आणणारा आपला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, सगळी कडक नियमातच वाढली. रेंजवर पहिल्या दिवशी शिकवतात की नळी कुणाकडं करायची नाही, रिकामी असली तरी नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत लायसनआधी असं ट्रेनिंग आणि घरात कुलपात ठेवायची हमी आलीय. गणूदादा, राग मानू नका, पण धोतरात गुंडाळून साध्या कपाटात ठेवणं बरोबर नाही, घरात लहान पोरं असतील तर अजिबात नाही.

कळंब्याचा_गणू
ताई, कपाटाला कालच कुलूप लावलं, काडतुसं वेगळ्या पेटीत. पाहुण्यांना पण सांगितलं, जरा फुगलेत, होतील गार. आता एक वेगळंच लफडं, लायसनच्या पुस्तकात नंबर बघितला आणि बंदुकीवरचा जुळेना. गंज होता, रॉकेल लावून टूथब्रशनं घासला तर पुस्तकात शेवटी ३ आहे तिथं नळीवर स्पष्ट ८ आहे. वडील म्हणतात आजोबांच्या वेळच्या कारकुनानं चुकवलं असणार. हे सांगायचं की गप बसायचं?

निवृत्त_हवालदार
सांगायचं, आणि विकायच्या अर्जाआधी सांगायचं. जुनी नूतनीकरणाची पानं आणि खरेदीची पावती सापडली तर झेरॉक्स काढ, नळीवरच्या नंबराचा जवळनं फोटो घे, आणि वडिलांच्या सहीनं कलेक्टर कचेरीत दुरुस्तीचा अर्ज दे, एक प्रत ठाण्याला. लायसनला सरकारी नोंदीतला जो युनिक आयडी नंबर मिळतो तो पुस्तकात चढलाय का ते पण तिथंच बघून घे, तो नसेल तर लायसन ग्राह्य धरत नाहीत. वारसदार म्हणून तुला लायसन तुझ्या नावावर करता येतं, मालक ७० च्या वर गेला की तो हयात असतानाच, पण तुला नकोच म्हणतोस तर तो विषय राहू दे. सोमवारी जाऊ नको, गर्दी असते.

भुदरगडकर_शेतकरी
गणूभाऊ, तुमचे पाहुणे कुठल्या गावचे? अर्ज एकत्रच जाऊन हलवू, एकट्या माणसाला तिथं कोण विचारत नाही.