परदेशात फळतोडणी केलीय? या, अनुभव लिहा

गेल्या महिन्यात तिघाचौघांनी मला वेगवेगळं गाठून एकच विचारलं, ऑस्ट्रेलियात वर्क अँड हॉलिडे व्हिसावर फळबागेत काम करतात ते कसं असतं, पैसे सुटतात का, एकट्या मुलीने जावं का. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा म्हटलं धागाच काढू. सुरुवात मी करते. देश कुठलाही चालेल, फळ कुठलंही चालेल, पण जे झालं ते खरं लिहा, कारण हे वाचून कुणीतरी तिकीट काढणार आहे.

मी वरुडची. घरी संत्र्याचा बगीचा आहे, पण बाबा बहुतेक वर्षी माल झाडावरच व्यापाऱ्याला देतात आणि तोडाईला त्याचीच माणसं येतात, त्यामुळे संत्र्यात वाढूनही मी कधी एक क्रेट तोडून भरला नव्हता. पहिल्यांदा हात लावला तो ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युरात, जुलैच्या थंडीत. मरे नदीच्या काठचा भाग, आजूबाजूला कोरडं माळरान आणि मधे पाण्यावर उभ्या केलेल्या संत्री-द्राक्षांच्या बागा. सकाळी सातला जाऊन बसायचं आणि दव सुकायची वाट बघायची, कारण ओल्या फळाची साल दाबली गेली की तेल फुटून डाग पडतो. त्या बसलेल्या वेळेचे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत, हे आधी कुणी सांगत नाही.

मँडरिन, म्हणजे सैल सालीचं संत्रं, ओढून तोडायचं नाही, साल फाटते. छोट्या कात्रीने आधी थोडा देठ ठेवून कापायचं आणि मग दुसरा काप सालीला अगदी चिकटून, कारण देठाचं टोक राहिलं तर बिनमधल्या (फळं भरायच्या मोठ्या खोक्यातल्या) शेजारच्या फळात घुसतं आणि तिथून बुरशी लागते. पोटावर पिशवी बांधलेली असते, भरली की बिनवर वाकून खालचं तोंड सोडायचं, वरून ओतायचं नाही. पहिल्या आठवड्यात माझा अंगठा सुजला होता, तिसऱ्या आठवड्यात हात आपोआप दोन काप घ्यायला लागला.

आता पैसे. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने फक्त बिनचा दर सांगितला. फळ बारीक होतं, बिन भरता भरेना, हिशोब केला तर तासाला पंधरा डॉलरसुद्धा पडत नव्हते. तिथे एप्रिल २०२२ पासून नियम आहे की काम बिनवर असलं तरी तासाचा ठरलेला किमान दर मिळालाच पाहिजे, आणि मी होते त्या २०२५ मध्ये कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या, माणसाला तो ३० डॉलरच्या वर होता. मी रोज वहीत लिहायचे, किती वाजता सुरू, जेवण किती मिनिटं, बिन किती. ती वही दाखवली तर दुसऱ्या दिवसापासून माझं काम बंद. मग दुसऱ्या बागेत तासावर लागले. पण त्या वहीच्याच जोरावर तक्रार केली आणि आधीच्या फरकाचे थोडे पैसे नंतर मिळाले. आजही राग येतो, माझ्यासोबतच्या मुली काही न बोलता तसंच सोडून गेल्या.

एकट्या मुलीने जावं का, तर हो, जा. फक्त राहायची जागा आणि काम एकाच माणसाच्या हातात देऊ नका.

पिंपळगाव बसवंतहून, सध्या टौरंगा (न्यूझीलंड):
मी इथे स्टुडंट व्हिसावर आलो, दोन सीझन ‘ते पुके’ नावाच्या गावात किवी तोडले. पहिल्या दिवशी बागेत शिरलो आणि खरंच गलबलून आलं, कारण किवीचा वेल आपल्या द्राक्षासारखा मांडवावर असतो आणि फळं डोक्यावर लटकलेली, घरच्याच बागेत उभं असल्यासारखं वाटलं. द्राक्षात आपण विरळणी करताना मान वर करून तासन् तास उभे राहतो ना, तसंच, फक्त इथे पोटावर वीसेक किलोची पिशवी असते. सुती हातमोजे सक्तीचे, नखाचा ओरखडासुद्धा चालत नाही, फळ तळहातात धरून थोडं वाकवून सोडवायचं. फळ कडकच तोडतात. पॅकहाऊसची माणसं आधी नमुना नेऊन गोडी आणि ड्राय मॅटर (पाणी सोडून उरणारा भाग) तपासतात, ते पास झालं तरच बाग उघडते. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये रात्री उशिरा मेसेज येतो, उद्या अमुक बाग. आणि पाऊस आला की सगळं बंद, एका आठवड्यात चार दिवस मी खोलीत बसून होतो आणि भाडं चालूच.
बागायतदाराशी बोलताना कळलं की २०१० मध्ये इथे पीएसए नावाचा जिवाणू रोग आला आणि सोनेरी जातीच्या बागाच्या बागा कापाव्या लागल्या, मग नव्या जातीचं कलम करून परत उभ्या केल्या. तो ते सांगत असताना मला आमच्याकडची गारपीट आठवली. त्याला मोबाईलवर फोटो दाखवले, तो बराच वेळ काही बोललाच नाही.
स्टुडंट असाल तर आठवड्याच्या तासांची मर्यादा पाळा, कुणी रोख देतो म्हणालं तरी नको.

भिलारची, सध्या केंट (इंग्लंड):
मी यंग प्रोफेशनल व्हिसावर आले, ऑफिसची नोकरी लागायला वेळ लागला म्हणून दोन महिने स्ट्रॉबेरी. आमच्याकडे वाकून तोडतात, इथे पॉलीटनेलमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या लांब मांडवात, कमरेच्या उंचीवर टेबलं आणि त्यात नारळाच्या काथ्याच्या पिशव्या, त्यात रोपं. पाठ वाचते. पण फळाला बोट लावायचं नाही, देठ नखाने खुडायचा आणि तिथेच डबीत रंग वर करून लावायचं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, ती म्हणाली काथ्या आपल्याकडूनच गेला असेल बघ.

कोल्हापूर, आधी केलोना (कॅनडा):
तिथल्या ओकानागन खोऱ्यात चेरी, उन्हाळ्याच्या सुट्टीत. हेडलाइट लावून पहाटे साडेचारला सुरुवात, अकरा-बाराला बंद, कारण ऊन चढलं की चेरी मऊ पडते. देठासकट तोडायची, आणि पुढच्या वर्षीचा फुटवा तिथेच असतो तो मोडायचा नाही. शिडी तीन पायांची, तिसरा पाय झाडाच्या आत सरकवायचा, उतारावर नीट रोवला नाही तर माणूस सरळ खाली. एक पोरगा माझ्यासमोर पडला, मनगट गेलं. तोडायच्या आठवड्यात पाऊस झाला की चेरी पाणी पिऊन फुटते, म्हणून अक्षरशः हेलिकॉप्टर बोलावून बागेवर अगदी कमी उंचीवरून फिरवतात, पंख्याच्या वाऱ्याने पाणी झटकतात. आमचे मालक पंजाबी, तिकडे बऱ्याच बागा पंजाब्यांच्या आहेत. त्यांच्या घरातल्या आजी रोज दहाला चहा आणि पराठे घेऊन यायच्या आणि प्रत्येकाला विचारायच्या, घरी फोन केलास का. मी त्या उन्हाळ्यात फीचा एक हप्ता भरला, पण त्या आजीमुळे टिकलो.

पुण्याची, सध्या तोक्यो:
माझा अनुभव छोटा आहे, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आहोत, ऑक्टोबरमध्ये आठवडाभर आओमोरीत एका सफरचंदवाल्या काका-काकूंकडे राहायला गेले, पैसे नाहीत, जेवण आणि राहणं. तोडणी नव्हतीच. फळावर सावली पाडणारी पानं एकेक करून खुडायची आणि मग प्रत्येक सफरचंद हाताने हलकेच फिरवायचं, म्हणजे मागची बाजू उन्हाकडे येते. जमिनीवर चांदीसारखा कागद अंथरलेला, खालूनही ऊन मिळावं म्हणून. झाडावर शेकडो फळं आणि पंचाहत्तरीच्या काकू प्रत्येकाला हात लावणार. जास्त फिरवलं की देठ तुटतो, माझ्याकडून दोन पडली, त्यांनी ती पुसून संध्याकाळी कापून दिली. आपल्याकडे फुजी म्हणून जे सफरचंद मिळतं ती जात याच आओमोरीतल्या फुजिसाकी गावात तयार झाली, हे मला तिथे जाऊन कळलं.

नाव नको:
एक लिहिते, कुणाचा तरी त्रास वाचेल. 'राहा, जेवा, चारपाच तास मदत करा' असल्या व्यवस्थेत मी यूकेला टुरिस्ट व्हिसावर निघाले होते. विमानतळावर विचारलं कुठे राहणार, मी खरं सांगितलं. पाच तास बसवून परत पाठवलं. पैसे घेत नाही म्हणजे काम नाही असं माझं मत होतं, त्यांच्या नियमात राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं शेतकाम हे कामच आहे. न्यूझीलंडमध्येही तसंच धरतात. देशागणिक आधी तपासा.

वरुड (धागा काढणारी):
ताई, हे लिहिलंत त्याबद्दल खूप आभार, हे सगळ्यात कामाचं आहे.
व्हिसाचं विचारलेल्यांसाठी: भारतीयांना ऑस्ट्रेलियाचा हा वर्क अँड हॉलिडे व्हिसा (क्रमांक ४६२) २०२४ पासून मिळतो, वर्षाला १००० जागा, आधी २५ डॉलर भरून लॉटरीत नाव टाकायचं, वय १८ ते ३०. दुसरं वर्ष हवं असेल तर ठरलेल्या भागात तीन महिने, म्हणजे ८८ दिवस, असं काम दाखवावं लागतं, म्हणून पगाराची प्रत्येक स्लिप सांभाळा. स्लिप देत नसेल किंवा स्वतःच्या नावाचा एबीएन (तिथला धंद्याचा नोंदणी क्रमांक) काढून ये म्हणत असेल तर तिथे थांबू नका.
हातमोजे तिथेच घ्या, इथले टिकत नाहीत. कात्री मात्र मी येताना बाबांसाठी दोन आणल्या.