झूलॉजी झालंय, पर्यावरण शिक्षणात काम करायचंय, रत्नागिरीत राहून जमेल का?

सड्यावरची:
नमस्कार, यंदा बीएस्सी झूलॉजी झालं. कॉलेजात असताना वेळासच्या कासव महोत्सवात आलेल्या लोकांना माहिती सांगायला जायचे. अंड्यांभोवतीची वाळू जास्त तापली की कासवाच्या पिल्लांत माद्या जास्त निघतात हे सांगितलं की मोठी माणसंपण थांबून ऐकतात, तेव्हापासून हेच करायचंय. घरचे म्हणतात बीएड कर. पुण्याला एमएस्सीला जाऊ की इथेच प्रोजेक्टवर लागू? आणि पोट भरतं का यात, खरं सांगा.

तिवर:
भरतं, पण प्रोजेक्ट आहे तोवर. फंडिंग संपलं की परत शोधाशोध, घरी हे आत्ताच सांगून ठेव. 2012 ला वनखात्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष झाला तेव्हापासून किनाऱ्यावर कामं वाढलीत, खेकडापालन, जिताडा मासा आणि कालवं वाढवणं, निसर्ग पर्यटन, आणि सगळीकडे गावात बसून लोकांशी बोलणारं माणूस लागतंच. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात ते बघून ये, शिकवणं म्हणजे काय ते तिथे कळेल. मराठीत नीट रिपोर्ट लिहायला आणि नकाशाचं सॉफ्टवेअर वापरायला शिक, त्यावर कामं मिळतात.

पुणेकर_मूळ_दापोली:
इथे भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था आहे, सीईईचं (सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंट एज्युकेशन) ऑफिस आहे. एमएस्सी कर पण लगेच नको, आधी वर्षभर फील्डवर काढ, मग वर्गात काय विचारायचं ते तुला माहीत असेल.

शाळेतल्या_बाई:
बीएडला नाही म्हणू नकोस गं. सुप्रीम कोर्टाने 1991 लाच पर्यावरण विषय सक्तीचा करा म्हणून सांगितलं, विषय आला, पुस्तक आलं, आणि मुलं अजून दुकानातली चित्रं आणून वहीत चिकटवतात. शाळेच्या मागे सडा आहे, कातळाचं उघडं पठार! भादव्यात सीतेची आसवं नावाच्या फुलांनी निळाजांभळा होतो, आणि ते इवलंसं झाड मुळाशी बारीक पिशव्यांत पाण्यातले जीव पकडून खातं हे पोरांना दाखवलं तर दुसऱ्या दिवशी घरून भिंग घेऊन येतात. कोकणातल्या शाळांना हे दाखवणारं माणूस हवंय, प्रोजेक्ट संपला की जाणारं नको. म्हणून बीएड. पगार ठरलेला असला की सुट्टीत कासवं, खाडी सगळं करता येतं.

सड्यावरची:
बाई, भादव्यात तुमच्या शाळेत येऊन पोरांना सड्यावर नेलं तर चालेल का?

शाळेतल्या_बाई:
ये की. शनिवारी ये, सकाळची शाळा असते. मुख्याध्यापकांच्या नावाने एक अर्ज आण, आणि सड्यावर निसरडं असतं, चपला चांगल्या घाल.