घाटासाठी जुनी गाडी: ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, अबार्थ पुंटो की झी४? (पुणे, बजेट १८ लाख)

घाटरस्ता:
नमस्कार मंडळी. रोजच्या ऑफिसला वेगळी गाडी आहे, ही फक्त शनिवार-रविवारसाठी हवी आहे. पहाटे निघून ताम्हिणी किंवा पसरणी, कधी वरंध्यातून महाडपर्यंत, आणि दुपारच्या जेवणाला घरी. महिन्याला फार तर ८०० किलोमीटर होतील. बजेट १८ लाख, त्यातच ट्रान्सफर, विमा, टायर आणि घेतल्याघेतल्या निघणारी कामं बसायला हवीत. मागच्या सीटवर अधूनमधून दोन मुलं असतील. पार्किंग झाकलेलं आहे. गिअर हाताने टाकायला आवडतात, पण ऑटोमॅटिकला नाही म्हणणार नाही.

सध्या समोर तीन गाड्या आहेत:
१) स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, २०१७ची, ६२,००० किमी, एमएच पासिंग, दुसरा मालक, मागणी १६.५ लाख.
२) फियाटची अबार्थ पुंटो, २०१६ची, ४८,००० किमी, पहिला मालक, मागणी व्हीआरएसच्या निम्म्याहून कमी.
३) बीएमडब्ल्यू झी४ ३५आय, २०१२ची, दिल्ली पासिंग, मागणी बजेटच्या आत.

कुठली घ्यावी, बघताना नेमकं काय तपासावं आणि पैसे कुठे जातात, हे जाणकारांनी सांगावं.

तेलपाणी:
व्हीआरएसबद्दल लिहितो. २.० टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस ताकद, ३५० एनएम टॉर्क आणि सहा गिअरची डीएसजी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक. ही डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचची आहे, म्हणजे ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयमधली कोरड्या क्लचची सात गिअरवाली नव्हे. हा फरक आधी लक्षात घ्या, कारण १.८ला व्हीआरएसचे बॅज आणि बंपर लावलेल्या गाड्याही विकायला येतात. आरसीवर क्युबिक कपॅसिटी १९८४ असेल तर इंजिन खरं, १७९८ असेल तर तिथूनच परत फिरा.

मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन चालू केल्यावर पहिली वीस-तीस सेकंद कान देऊन ऐका. या इंजिनात पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन साचतो. गार असताना इंजिन अडखळतंय, एखादा सिलेंडर मारत नाहीये आणि गरम झाल्यावर सगळं ठीक होतंय, असं असेल तर आधी प्लग आणि कॉइल बघायचे, मग कार्बनवर संशय घ्यायचा. तो काढायला इनटेक मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. काम नीट होतं, पण दिवस जातो. इंजेक्टर क्लीनरच्या बाटलीने हा कार्बन निघत नाही, पेट्रोल तिथे पोचतच नाही.

या इंजिनाची खरी दुखरी जागा म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं एकत्र हाउसिंग. ते प्लास्टिकचं आहे, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली बसतं आणि उष्णतेने वाकडं होऊन झिरपायला लागतं. गळती इतकी बारीक असते की जमिनीवर थेंब पडतच नाही, कूलंट गरम भागावर सुकून जातं. म्हणून टॉर्च घेऊन मॅनिफोल्डच्या खाली आणि गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला बघा. गुलाबी खपली दिसली तर पंप गेलेला धरा. कूलंटची टाकी मिनच्या रेषेवर असेल आणि मालक म्हणत असेल "आठवड्यापूर्वीच भरलं", तर त्याचाही अर्थ तोच. बदलताना अख्खं हाउसिंग आणि पंप फिरवणारा छोटा बेल्ट दोन्ही नवे घ्यायचे, फक्त गॅस्केट नाही. बिल पाच आकडी येतं.

डीएसजीचं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किमीला बदलायचे. तुमच्या गाडीचं रीडिंग ६२,००० आहे, म्हणजे काम नुकतंच झालेलं असायला हवं किंवा ते तुमच्या गळ्यात येणार आहे. बिलात फिल्टर आणि सहाच्या आसपास एक-लिटरचे डबे दिसले पाहिजेत. "डीएसजी तपासली" एवढीच ओळ असेल तर तेल बदललेलं नाही असं समजा. चालवताना सपाट रस्त्यावर ब्रेक सोडून गाडी आपोआप सरकू द्या. सरकताना थरथर नको. मग उभ्या गाडीत आर आणि डी पाच-सहा वेळा आलटून पालटून टाका. गिअर लागताना धक्का किंवा एका सेकंदापेक्षा जास्त उशीर झाला तर मेकॅट्रॉनिक (डीएसजीचं कंट्रोल युनिट) दाखवून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्कॅनरवर सगळी मॉड्युल्स (गाडीतले छोटे कंप्युटर) वाचून घ्या, फक्त इंजिन नाही. फॉल्टसोबत तो आला तेव्हाचे किलोमीटरही नोंदलेले असतात. मीटर ६२,००० दाखवतंय आणि एखादा जुना फॉल्ट ८१,०००वर नोंदलाय, तर पुढचं बोलणंच संपलं. या गाड्या रिमॅप करायची, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायची, लोकांना मोठी हौस आहे. विकताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकतात, पण ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) किती वेळा फ्लॅश झाला, म्हणजे त्यात सॉफ्टवेअर टाकलं गेलं, त्याची मोजणी राहते. रिमॅप म्हणजे गाडी वाईट असं नाही. मात्र ३५० एनएमसाठी बेतलेल्या क्लचवर किती ताण पडला ते कळायला मार्ग नसतो, म्हणून किंमत उतरलीच पाहिजे.

खालून बघताना पुढच्या लोअर आर्मचे मागचे बुश, शॉकअपवर तेलाचा ओघळ आणि इंजिनखालच्या तेलाच्या टाकीला (ऑइल सम्प) दगड लागल्याची खूण बघा. २२५/४० आर१८ टायर म्हणजे खड्ड्यात रिमच मार खाते. चारही चाकांच्या आतल्या कडेवर बोट फिरवा. बाहेरून चकचकीत असलेल्या रिमला आतून चीर असते. एक्स्प्रेसवेला ८० ते १०० वर स्टिअरिंग थरथरलं तर आधी रिम तपासायची, बॅलन्सिंग नंतर.

पाचवा_गिअर:
तेलपाणींचं सगळं बरोबर आहे, पण घाटासाठी माझं मत अबार्थला. १.४ टी-जेट, १४५ बीएचपी, २१२ एनएम, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग. पसरणीच्या वळणांवर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ही गाडी पूर्ण वापरता येते. व्हीआरएसचं तिथे निम्मं इंजिनच वापरलं जातं, आणि उरलेलं वापरायला जाणं त्या रस्त्यावर शहाणपणाचं नाही. स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो, तेवढ्यासाठीसुद्धा ही घ्यावी.

तपासायचं हे:

टायमिंग बेल्ट. किलोमीटर कमी असले तरी वय मोजायचं. २०१६ची गाडी आणि बेल्ट मूळचाच असेल तर घरी आणायच्या आधी बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदला. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. "पट्टा चांगला दिसतोय" हे मेकॅनिकचं वाक्य इथे चालत नाही, वरून चांगला दिसणारा बेल्टच तुटतो.

क्लच. चौथ्या गिअरमध्ये १,८०० आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम भराभर चढले आणि वेग तसा चढला नाही, तर क्लचप्लेट घसरतेय.

टर्बो. एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढून कॉम्प्रेसरचं चाक बोटाने हलवा. आडवं किंचित हललं तर चालतं, पण त्याच्या हाउसिंगच्या भिंतीला घासायला नको आणि आत-बाहेर अजिबात हलायला नको. इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा पातळ थर असतो, तेल साचलेलं नसावं. वेग घेताना फुसकारा ऐकू आला आणि पिकअप पडला, तर टर्बोला दोष देण्याआधी होजचे क्लॅम्प बघा. बहुतेकदा तेवढंच निघतं.

स्टिअरिंगचं तेल. टाकी, पंप आणि रॅकच्या पाइपांचे सांधे ओले असतील तर भाव करताना सांगा.

सुट्या भागांची भीती वाटणं साहजिक आहे, फियाटने भारतात गाड्या विकणं केव्हाच थांबवलं. मात्र इंजिनाची बरीचशी सामग्री फियाटच्याच लिनिया टी-जेटशी जुळते, आणि पुंटो रांजणगावला म्हणजे आपल्याच जिल्ह्यात बनायची, त्यामुळे पुण्यात या गाड्या ओळखणारे मेकॅनिक सापडतात. अडचण येते ती फक्त अबार्थच्या वस्तूंची: अलॉय, सीटचं कापड, साइड स्कर्ट, बॅज. म्हणून यांत जे तुटलेलं किंवा गायब आहे त्याचे पैसे आधीच कापून घ्या. इंजिनाचं काम करून घेता येतं, पण अबार्थच्या विंचवाच्या चिन्हाचं एक अलॉय शोधायला महिने जातात.

बेल्ट, क्लच, टायर, चारही डिस्क-पॅड, सगळे बुश असं सगळं नवं घातलं तरी तुमच्या बजेटमधले पैसे उरतील.

टॉर्कवाला:
झी४ सोडा. दोनच सीट आहेत, मुलं बसणार कुठे, इथेच प्रश्न मिटतो. कुणाला फक्त दोघांसाठी हवी असेल तर: ३५आय म्हणजे सरळ सहा सिलेंडरचं ट्विन टर्बो एन५४, ३०६ एचपी. अप्रतिम इंजिन. पण इलेक्ट्रिक वॉटर पंप, हाय-प्रेशर फ्युएल पंप आणि इंजेक्टर हे तीन खर्च कधी ना कधी येतातच, आणि वॉटर पंप फारशी पूर्वसूचना न देता बंद पडतो. छप्पर तीन वेळा पूर्ण उघडून मिटून बघा. अर्ध्यात थांबलं तर डिकीच्या बिजागरीजवळची वायर किंवा हायड्रॉलिक्स. रन-फ्लॅट टायर (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) वय झालेले असतील तर चारचा सेट जड पडतो. दहा-बारा वर्षांची अशी गाडी काठावरच्या बजेटमध्ये घेऊ नये, मूळ किमतीच्या अंदाजाने सुट्या भागांची बिलं येतात.

कागदवाला:
दिल्ली पासिंग स्वस्त दिसतं त्याचं कारण कागदांत आहे. मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ आणावी लागते आणि महाराष्ट्रात रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. वैयक्तिक पेट्रोल गाडीला इथला दर किमतीनुसार ११ ते १३ टक्के आहे. वयानुसार घट मिळते, तरी मूळ किंमत मोठी असल्याने रक्कम मोठीच राहते. दिल्लीचा परतावा मागता येतो, पण तो हिशेबात धरू नका.

एमएच पासिंगला मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, तेही पैसे देण्याआधी. परिवहनच्या साइटवर आरसी काढून मालक क्रमांक, हायपोथिकेशन (कर्जाचा बोजा), विमा आणि थकलेली चलानं बघा. घाटात आणि एक्स्प्रेसवेवर फिरलेल्या गाडीवर वेगाची चलानं साचलेली असतात, ती विकणाऱ्याने भरायची. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करा. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीसोबत येत नाही, त्यामुळे विकणारा दाखवतो त्यापेक्षा तुमचा हप्ता जास्त येईल. विमा कंपनीकडून जुन्या क्लेमची माहिती मिळाली तर फार उत्तम, मोठा अपघात तिथेच कळतो.

पत्र्यासाठी पेंट गेज न्या. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन असतो. २५०च्या वर पुन्हा रंगवलेलं, ५००च्या वर खाली लांबी (पुट्टी) भरलेली. एक दरवाजा रंगवलेला असणं चालतं. छत, खांब आणि पुढच्या चॅसिस-पट्ट्यांजवळ आकडा वाढला तर गाडी नको.

घाटरस्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांमुळे व्हीआरएसकडेच कल आहे. आज बघून आलो. आरसीवर १९८४. इंजिन पूर्ण थंड होतं, अडखळलं नाही. स्कॅनमध्ये किलोमीटर जुळले, फ्लॅश झालेला नाही. डीएसजीचं तेल आणि फिल्टर ५८,०००ला बदलल्याचं डब्यांसकट बिल आहे. पण कूलंट मिनच्या खाली आहे आणि मॅनिफोल्डखाली गुलाबी खपली आहे. टायरवर २२१८ असा आकडा आहे, नक्षी भरपूर शिल्लक आहे. रंग सगळीकडे १३०च्या आसपास, फक्त मागचा डावा दरवाजा २८०. मालक १६ला तयार आहे.

तेलपाणी:
गाडी चांगली निघाली, भाव अजून नाही. २२१८ म्हणजे २०१८चा २२वा आठवडा. नक्षी राहिली तरी रबर कडक झालंय, आणि पावसाळ्यात ताम्हिणीत ओल्या रस्त्यावर कडक रबर पकडत नाही. चारही बदला. पंप हाउसिंगही गेलंय. या दोन्हींची वर्कशॉपकडून आणि टायरवाल्याकडून लेखी कोटेशन घ्या आणि ती १६मधून वजा करा. तोंडी "दोन लाख कमी करा" म्हणण्यापेक्षा कागद पुढे ठेवला की बोलणं लवकर मिटतं. मालक पंप स्वतः बदलून देतो म्हणाला तर नको म्हणा, तो स्वस्तातला पार्ट टाकेल. काम तुमच्या मेकॅनिककडे, पैसे त्याच्या किमतीतून.

ताबा घेतल्यावर तो पंप होईपर्यंत घाटात नेऊ नका. चढावर लांब वेळ बूस्ट (टर्बोचा दाब) लागतो आणि कमी कूलंटवर हेड गॅस्केटवर बेतू शकतं.

पाचवा_गिअर:
व्हीआरएस घेतलीत तरी छान. ब्रेक ऑइल कधी बदललं ते विचारा, दोन वर्षांच्या वर असेल तर लगेच बदला. पसरणी उतरताना पेडल मऊ पडण्याचं ते मुख्य कारण. आणि पाच दिवस उभी राहणारी गाडी म्हणजे उंदरांना आमंत्रण. इंजिनखालचं कव्हर जागेवर आहे ना बघा, वायरिंगला जाळीची टेप गुंडाळून घ्या. बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ दाखवत असेल तर निम्मी उतरलीय, मेंटेनर चार्जर लावायची सोय करा.

तेलपाणी:
पंप बदलल्यावरची एक गोष्ट राहिली. कूलंट कंपनीच्या प्रतीचंच, डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं, आणि शक्यतो व्हॅक्युमने भरून घ्या, नाहीतर हवा अडकते. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, हीटर गरम हवा देतोय ना बघा. रात्रभर थंड झाल्यावर सकाळी पातळी तपासून टाकीवर मार्करने रेघ मारा. पुढचे ५०० किलोमीटर दर वेळी गार इंजिनावर ती रेघ बघायची. पातळी तिथेच राहिली तर काम नीट झालंय.