कमी पैशांत खरंच काम करणारी क्रीम, सीरम आणि मेकअप: काय घ्यावं, काय सोडावं?

निशिगंध

मंडळी, सल्ला हवाय. नाक-कपाळ तेलकट, गाल कोरडे. मुरूम आला की तो आठवड्यात जातो, पण त्याचा काळा डाग महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून बसतो. रंग सावळा. कुठलंही फाउंडेशन लावा, सकाळी बरं दिसतं आणि दुपारपर्यंत चेहऱ्यावर राख फासल्यासारखं होतं.

बजेट बेताचं आहे. एखादी वस्तू महाग असेल तर तिच्यात नेमकं काय जास्त आहे, हे कळल्याशिवाय पैसे सुटत नाहीत माझ्या हातून. व्हिडिओ बघून डोकं भणाणलंय. एक बाई म्हणते दहा थर लावा, दुसरी म्हणते काहीच लावू नका, आणि दोघींच्या खाली खरेदीची लिंक असतेच.

भरपूर पाणी प्या, नीट झोपा, हे कृपया सांगू नका. पाणी पिते. झोपेचं बघू.

रिकामी_डबी

माझं मत सरळ आहे. चार स्वस्त वस्तू घेण्यापेक्षा एक महागडं क्रीम घ्यावं. स्वस्त फेसवॉशने माझी कातडी इतकी ओढली जायची की हसताना गाल दुखायचे. महागातलं लावलं आणि फरक पडला. किमतीला काहीतरी अर्थ असतोच ना?

प्रयोगवही

रिकामी_डबी, फरक पडला हे खरं असेल, पण तो किमतीमुळे पडला असं नाही. आधीचा फेसवॉश कडक होता, नंतरचा सौम्य होता, एवढंच. सौम्य फेसवॉश स्वस्तातही मिळतो.

मी प्रसाधनं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. नाव विचारू नका, सांगणार नाही. बाहेर फारसं माहीत नसतं, पण कित्येक ब्रँडांचे स्वतःचे कारखानेच नसतात. इटलीची इंटरकॉस, कोरियाची कॉसमॅक्स अशा कंपन्या अनेक ब्रँडांसाठी माल बनवून देतात. शिवाय मालक एकच आणि दुकानं दोन, हा प्रकार आहेच. महागडं लँकोम लॉरेआल कंपनीचं आणि १९९६ पासून स्वस्तातलं मेबलिनही लॉरेआलचंच. म्हणून दोन्ही डब्यांत एकच माल असतो असं नाही हं, पण संशोधन एका छपराखालचं असतं. वरच्या किमतीत काचेची जड बाटली, सुगंध आणि जाहिरातीतला चेहरा यांचा वाटा मोठा असतो.

तेव्हा निशिगंध, डबी उलटी करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात. एक टक्क्यापेक्षा कमी असलेले मात्र कंपनी हव्या त्या क्रमाने लिहू शकते. ही एक टक्क्याची रेघ कुठे आहे ते छापलेलं नसतं, पण अंदाज बांधता येतो. फिनॉक्सीइथेनॉल नावाचं, माल नासू न देणारं संरक्षक बऱ्याच डब्यांत असतं आणि युरोपच्या नियमांत त्याची कमाल मर्यादाच १ टक्का आहे. पुढच्या बाजूला ज्या फुलाचं मोठ्ठं चित्र आहे, त्याचा अर्क मागच्या यादीत फिनॉक्सीइथेनॉलच्याही खाली सापडला, तर ते फूल बहुतेक चित्रापुरतंच आहे.

याला अपवाद आहेत. रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चं एक रूप) अगदी थोडं असलं तरी काम करतं, कातडीत ओलावा धरणारं हायलुरॉनिक ॲसिडही एक टक्क्याच्या आत भागतं. ही नावं यादीत खाली दिसली म्हणून लगेच नाक मुरडू नका.

आता तुमच्या डागांचं. मुरमानंतर काळे डाग पडणं हे सावळ्या कातडीत जास्त होतं, कारण दाह झाला की रंगपेशी जोरात कामाला लागतात. तिथे पहिला खर्च सनस्क्रीनचा. बाकीचं सगळं त्यानंतर. डाग फिका करणारं सीरम रात्री लावायचं आणि दिवसा ऊन खायचं, यात पैसे वाया जातात.

सनस्क्रीनमध्ये एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो त्याचा, आकडा बघून भुलू नका. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी (उन्हातले कातडी भाजणारे) किरण अडवतं आणि ५० सुमारे ९८ टक्के. पण हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावून काढलेले असतात. घरी बहुतेक जण त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी लावतात. चेहरा आणि मान मिळून साधारण सव्वा ग्रॅम लागतं, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघा. या हिशोबाने ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदाच लावली तरी सव्वा-दीड महिन्यात संपायला हवी. एकच ट्यूब वर्षभर पुरणारी माणसं मला भेटली आहेत, आणि 'सनस्क्रीनचा काही उपयोग होत नाही' ही तक्रारही त्यांचीच असते. जी ट्यूब हात आखडता न घेता लावता येईल ती घ्या. तुमच्यासाठी तीच चांगली.

आणखी एक. एसपीएफ फक्त यूव्हीबीबद्दल सांगतं. यूव्हीए या उन्हातल्या दुसऱ्या, खोल शिरणाऱ्या किरणांसाठी 'ब्रॉड स्पेक्ट्रम' किंवा पीए आणि पुढे अधिकच्या खुणा बघा. काळे डाग किंवा वांग असेल तर रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन घ्या. सावळ्या कातडीवर नुसता दिसणारा प्रकाशसुद्धा डाग गडद करतो आणि तो साध्या सनस्क्रीनला फारसा अडत नाही. आयर्न ऑक्साइड तो अडवतं.

डागांसाठी नायसिनमाइड (व्हिटॅमिन बी३ चं एक रूप) ४-५ टक्के पुरे. दहा-वीस टक्के म्हणजे दुप्पट-चौपट गुण असं काही नाही, काहींना उलट चुरचुरतं. दुसरा पर्याय ॲझेलाइक ॲसिड. मुरूम आणि डाग दोन्हींवर चालतं, आणि त्याची जाहिरात कमी म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. माझं आवडतं आहे ते.

फेसवॉशवर अजिबात खर्च करू नका. मिनिटभरात धुऊन जाणाऱ्या वस्तूत व्हिटॅमिन सी घालून कुणाचं भलं होणार आहे? (सॅलिसिलिक ॲसिड किंवा बेंझॉइल पेरॉक्साइडवाला वॉश मुरमांसाठी चालतो. बेंझॉइल पेरॉक्साइडचे २.५ टक्के जवळपास १० टक्क्यांइतकंच काम करतात आणि जळजळ कमी. मात्र टॉवेल पांढरा वापरा, रंग उडतो.) मॉइश्चरायझरमध्ये ग्लिसरीन, डायमेथिकोन, सेरामाइड अशी नावं दिसली की झालं. गाल फारच कोरडे पडले तर रात्री तेवढ्याच जागी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. चेझब्रो नावाच्या माणसाने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं, आणि कातडीतलं पाणी अडवून धरण्यात तिला अजून तोड नाही.

निशिगंध

बाप रे, हे तर पुस्तकच झालं. धन्यवाद! माझी ट्यूब गेल्या पावसाळ्यापासून चालू आहे, हे इथे सांगावं की नाही कळेना.

बरं, फाउंडेशनच्या राखेचं काय?

काजळरेघ

हे माझ्याकडे द्या. मी रंगमंचाचा मेकअप करते, लग्नांचाही करते. प्रयोगवहींना डबीच्या मागची बाजू कळते, मला चेहऱ्याची पुढची.

राखाडी दिसण्याची कारणं दोन-तीन आहेत आणि तुमच्या बाबतीत ती एकत्र आली असावीत. पहिलं, टायटॅनियम डायऑक्साइड. पांढरी पावडर ती. फाउंडेशन झाकतं ते तिच्या जोरावर, आणि सावळ्या रंगावर जरा जास्त झाली की राख दिसते. सनस्क्रीनमध्येही तीच किंवा झिंक ऑक्साइड असेल तर खालचा थर आधीच पांढुरका असतो आणि दोष जातो फाउंडेशनला. आधी नुसतं सनस्क्रीन लावून उजेडात बघा.

दुसरं, अंडरटोन. सावळ्या कातडीत पिवळा, सोनेरी, लालसर किंवा किंचित हिरवट झाक असते. गुलाबी झाकीचं फाउंडेशन त्यावर बसत नाही. शेड एकदम बरोबर असली तरी झाक चुकली की चेहरा आजारी दिसतो. आणि 'एक शेड उजळ घ्या' असं कुणी काउंटरवरून म्हणालं तर तिथून सरळ निघा.

तिसरं, वेळ. बाटलीतला रंग आणि तासाभराने चेहऱ्यावरचा रंग एक नसतो. तेलात मिसळून तो गडद होतो. म्हणून जबड्याच्या रेषेवर, गाल आणि मान दोन्हींना लागेल असा पट्टा ओढा आणि अर्धा तास इकडेतिकडे फिरा. मग दिवसाच्या उजेडात बघा. दुकानातले दिवे खोटं बोलतात. मनगटावर तर मुळीच लावून बघू नका, मनगटाचा रंग चेहऱ्याचा नसतो.

पैसे वाचवायचे तर अख्ख्या चेहऱ्याला फाउंडेशन लावणंच सोडा. डागांवर आधी नारिंगी झाकीचा करेक्टर, अगदी ठिपका. काळ्या-निळ्या डागाला नारिंगी मारते. त्यावर तुमच्या रंगाचा कन्सीलर (डाग झाकणारं दाट क्रीम), बोटाने थोपटून. बाकी चेहरा मोकळा. नाकावर पावडर हवी तर रंगीत घ्या. ती पांढरी 'ट्रान्सल्युसंट' फ्लॅशच्या फोटोत पीठ उधळल्यासारखी उठून दिसते.

कन्सीलरवर खर्च करा. पापण्यांच्या मस्काऱ्यावर नको, तो उघडल्यापासून तीन महिन्यांत टाकून द्यायचा असतो. ब्लशसाठी वेगळी डबी लागतेच असं नाही. मऊ लिपस्टिकचा एक ठिपका गालावर चोळला की काम होतं. उलटं करू नका मात्र. गालाचे आणि डोळ्यांचे सगळेच रंग ओठांना चालतील असं नसतं, डबीवर लिहिलेलं बघा.

हिरवी_वाट

एवढी रसायनं ऐकूनच भीती वाटली. त्यापेक्षा केमिकल-फ्री, नैसर्गिक वस्तू का नाही वापरत? निदान नुकसान तरी नाही.

प्रयोगवही

पाणीसुद्धा रसायनच आहे, पण तो वाद नको. मुद्द्याचं बोलतो. सुगंधी वनस्पती-तेलांत लिनालूल, लिमोनीन असे घटक असतात. हवा लागून ते बदलले की काहींना चांगलीच ॲलर्जी येते. 'हायपोॲलर्जेनिक' (ॲलर्जी कमी करणारं), 'नॉन-कॉमेडोजेनिक' (छिद्रं न बुजवणारं) हे शब्द कुठल्या सक्तीच्या चाचणीत पास झाल्याची खूण नाहीत. मुरमं येतील का, हे पूर्वी सशाच्या कानावर लावून बघायचे. तुमची कातडी सशाची नाही.

खरी भीती बाळगायची तर घटकांची यादीच नसलेल्या, आठवड्यात गोरं करणाऱ्या डब्यांची बाळगा. अशा क्रीममध्ये पारा किंवा स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं जगभर आहेत. पाऱ्यावरच्या २०१३ च्या मिनामाता करारात पारा घातलेली प्रसाधनं बंद करायचं ठरलं, तरी ती विकली जातात. स्टेरॉइडने आधी चेहरा खरंच उजळतो, म्हणून माणूस फसतो. मग कातडी पातळ होते, लाल पडते आणि क्रीम थांबवलं की पुळ्यांचा भडका उडतो. यादीत मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल यांतलं काही दिसलं तर ती डबी घरात ठेवू नका.

रिकामी_डबी

मान्य. पण व्हिटॅमिन सी तरी महागातलंच घ्यावं लागतं ना?

प्रयोगवही

साधं एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड असेल तर १० ते २० टक्के हवं आणि पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) ३.५ च्या खाली. त्याहून आंबटपणा कमी असेल तर ते कातडीत नीट शिरत नाही. फेरुलिक ॲसिड आणि व्हिटॅमिन ई जोडीला असलं तर जास्त टिकतं. एवढं ज्या डबीवर आहे ती घ्या, ब्रँड कुठलाही असो. २०१६ मध्ये द ऑर्डिनरी या ब्रँडने डबीवर टक्के ठळक छापायला सुरुवात केली आणि पुढे बऱ्याच जणांनी तो कित्ता गिरवला, त्यामुळे आता तुलना सोपी झाली आहे. व्हिटॅमिन सी जातीचंच नाजूक आहे. हवा-उजेडाने बिघडतं, म्हणून मोठी बाटली स्वस्त पडते असं वाटलं तरी लहानच घ्या. निशिगंधना मात्र याची आत्ता गरज नाही.

निशिगंध

मग ठरलं: रंगीत सनस्क्रीन, नायसिनमाइड, साधं मॉइश्चरायझर, आणि काजळरेघताईंचा नारिंगी ठिपका. सगळं एकदम सुरू करू का? आणि ड्रॉवरमध्ये व्हिटॅमिन सीची अर्धी बाटली आहे, रंग चहासारखा झालाय.

काजळरेघ

एकदम नको गं. चेहरा लाल झाला तर कुणामुळे ते कसं कळणार? नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर. काही झालं नाही तर चेहऱ्यावर. मग दोनेक आठवड्यांनी पुढची.

प्रयोगवही

चहाच्या रंगाची बाटली टाकून द्या. फिकट पिवळी असती तर लवकर संपवा म्हणालो असतो.

डाग फिके व्हायला दोन-तीन महिने धरा. मुरूम खोल, दुखणारे असतील किंवा खड्डे पडत असतील तर सीरमच्या नादी न लागता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ट्रेटिनॉइन, ॲडापॅलिन ही रेटिनॉलच्या जातकुळीतली औषधं जुनी, तपासलेली आहेत. ट्रेटिनॉइन मुरमांसाठी अमेरिकेत १९७१ पासून आहे. जेनेरिक ट्यूब बऱ्याचदा नावाजलेल्या रेटिनॉल सीरमपेक्षा स्वस्त पडते. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ही दोन्ही नकोत, हे डॉक्टरांना आधी सांगा. ॲझेलाइक ॲसिड तेव्हाही सहसा चालतं.

निशिगंध

तसा विचार नाही. बाटली टाकली. आता बाकीच्या डब्या बघतेय, एकीच्या बुडाशी उघड्या झाकणाच्या डबीचं चित्र आणि १२ एम असं लिहिलंय.

काजळरेघ

उघडल्यापासून बारा महिने. मार्कर घे आणि उघडशील त्या दिवशी तारीख डबीवर टाक. स्पंजचंही बघ, धुतलेला नसेल तर नवीन कन्सीलर त्याला लावू नकोस.